केसरचे ठोके

केसर पुढ्यातला दाणा अर्धा टाकून बाजूला व्हायला लागली, तेव्हा बद्रीनाथला वाटलं दाढ दुखत असेल. त्यानं तिच्या तोंडात हात घालून दाढा चाचपल्या. ठीक होत्या. दोन दिवसांनी त्यानं तिला नुसती विहिरीपर्यंत दुडक्या चालीनं नेली, तर परत येताना ती अशी धापा टाकायला लागली, की एखाद्यानं घाट चढवून आणली असं वाटावं. बद्रीनाथनं तिच्या जबड्याखालची शीर दोन बोटांनी धरली. अकरा वर्षांत ती शीर त्यानं शेकडो वेळा धरली असेल. उभ्या घोड्याची शीर सावकाश उडते. माणसाची दोनदा उडावी तेवढ्यात घोड्याची एकदा. या वेळी बोटांखाली भलतंच चाललं होतं. दोन लागोपाठ, मग काहीच नाही, मग एक, मग तीन घाईघाईनं. त्यानं बोटं काढली, पायजम्याला पुसली आणि पुन्हा धरली. तेच.

बद्रीनाथ मूळचा धावड्याचा. घरची काळी जमीन होती आणि ती धाकटा भाऊ कसत होता. पिकाचा वाटा घरी येई, त्यात त्याची बायको साळूबाई नीट भागवी. याला मात्र लहानपणापासून घोड्याचं वेड. पिंपळगाव रेणुकाईचे पन्नालाल शेठ मिरचीचे तीन पिढ्यांचे व्यापारी. त्यांनी माळेगावच्या जत्रेतून वर्षाची शिंगी, घोडीचं मादी शिंगरू, आणली, तेव्हा तिला सांभाळायला बद्रीनाथ आपणहून गेला आणि तिथंच राहिला. शेठच्या मोसंबीच्या बागेत पत्र्याचा तबेला होता, शेजारी त्याची खोली. रविवारी तेवढा घरी जाई. शिंगीचं नाव केसर ठेवलं तेही त्यानंच.

भोकरदनहून डॉक्टर तृप्ती मॅडम स्कूटीवर आल्या. वयानं तिशीच्या आत-बाहेर, बोलणं तुटक. त्यांनी केसरच्या डाव्या कोपरामागं ठोके ऐकायची नळी लावली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग तिला दावणीभोवती दहा मिनिटं दुडकी फिरवायला लावून पुन्हा ऐकलं.

पन्नालाल शेठ खुर्ची टाकून बसले होते. "काय निघालं, मॅडम?"

"हृदयाचा ताल गेलाय," मॅडम म्हणाल्या. "चांगल्या घोड्याचाही उभ्या-उभ्या एखादा ठोका चुकतो. तीन पडतात, चौथा गळतो. पण ते नेमानं असतं, आणि घोडा पळवला की जातं. त्याला आम्ही आजार म्हणत नाही. हिचं तसं न्हाई. हिच्या ठोक्याला नेमच न्हाई, पळवल्यावर तर जास्तच बिघडतं. हृदयाचा वरचा कप्पा आकसायच्या ऐवजी नुसता थरथरतो. माणसाला होतं बघा, तसंच."

शेठची मांडीवरची बोटं थांबली. "माणसाला होतं तसंच?"

"हो. बिलकुल तेच."

"मंग आता?"

"पुण्या-मुंबईकडं रेसच्या घोड्यांना यावर औषध देतात. न्यायचं असेल तर मी चिठ्ठी देते. न्यायचं नसेल तर चालवा, चारा, पण पळवू नका. वर माणूस बसवून तर मुळीच नको. पळता पळता नाकातून रक्त येईल, न्हाईतर धाडकन पडेल. ती पडेल आणि वरचाही जाईल."

हे शेवटचं त्या बद्रीनाथकडे बघून म्हणाल्या. बद्रीनाथनं मान हलवली. शेठनी चिठ्ठी मागितली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "किती पळाली तर पडेल?"

"ते कुणालाच सांगता येत न्हाई," मॅडम म्हणाल्या आणि स्कूटीला चावी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच शेठ बागेत आले. हातात मेडिकलमधून आणलेली कोरी नळी होती, डॉक्टरांची असते तशी. त्यांनी बद्रीनाथला शेजारच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. अकरा वर्षांत तो त्यांच्या शेजारी खुर्चीवर कधी बसला नव्हता.

"बद्री, कुणाला बोलशील तर याद राख," शेठ म्हणाले. त्यांनी सदऱ्याची वरची दोन बटणं काढली, नळी स्वतःच्या छातीला लावली आणि कानातले दोन्ही दांडे बद्रीनाथच्या कानात घातले. "ऐक."

बद्रीनाथनं ऐकलं. दोन लागोपाठ. मग काहीच नाही. मग एक. मग तीन.

"पाच महिने झाले," शेठ म्हणाले. "घरात बायकोलाही पुरतं सांगितलं न्हाई. संभाजीनगरला दाखवलं. रक्त पातळ करायची गोळी चालू हाये. डॉक्टर म्हणतो बेशुद्ध करून छातीला करंट देऊ, ताल जाग्यावर येईल. मी म्हणलं विचार करून सांगतो, अन् पळून आलो. करंट देताना बंदच पडलं तर? डॉक्टर काय, हात धुऊन चहा प्यायला जाईल." त्यांनी केसरकडे पाहिलं. "ती दावणीला हाये. तिलाही तेच, मलाही तेच. तिचं काय होतं ते मला बघू दे."

"शेठ, मॅडम म्हणल्या..."

"मॅडम म्हणल्या कुणाला सांगता येत न्हाई. डॉक्टरही तेच म्हणतो. जनावर खोटं बोलत न्हाई. दोन चक्कर मार."

बद्रीनाथ उठला नाही. शेठनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझ्याबिगर हे कोण करंल? हिला तू ओळखतोस. मला तू ओळखतोस."

त्या हातानं बद्रीनाथ हलला, हे खरंय. नोकरी जाईल ही भीती त्याला नव्हती. गेली असती तर तो संध्याकाळच्या जीपनं धावड्याला पोचला असता. पण गावातले चार मोठे लोक ज्या माणसाच्या ओट्यावर उभे राहतात, त्या माणसानं आपल्या कानात आपल्या हातानं नळी घातली, जे बायकोलाही पुरतं सांगितलं नाही ते आपल्याला सांगितलं, याचं त्याला आतून बरं वाटलं. त्यानं केसरला लगाम चढवला आणि बागेभोवती दोन चकरा मारल्या.

मग रोजचं झालं. सकाळी सातला शेठ येत. बद्रीनाथ दोन चकरा मारी. घामानं काळी पडलेली केसर उभी राहिली, की शेठ तिच्या कोपरामागं नळी लावून घड्याळ बघत, आणि मग तीच नळी स्वतःला लावत. तिला दम लागायला किती वेळ, दम उतरायला किती वेळ, सगळं विचारत. आठव्या दिवशी दोनाच्या तीन चकरा झाल्या. शेठ स्वतः बांधावरून चालायला लागले होते. तिनं जेवढं सोसलं, त्याच्या बेतानं ते चालत. त्यांना हुरूप येई. एकदा त्यांनी आपली गोळी गुळाच्या खड्यात घालून तिला चारली आणि दुपारपर्यंत तिच्यासमोर बसून राहिले. तिला काहीच झालं नाही, तर म्हणाले, "बघ, मंग मी कशाला भितो?"

केसर मात्र दिवसेंदिवस उतरत होती. बरगड्या दिसायला लागल्या. पूर्वी लगामाचा आवाज आला की ती मान पुढं करी. आता भिंतीकडे तोंड फिरवायची. बद्रीनाथ तिला खरारा करताना म्हणायचा, "थोडे दिवस, बाई. थोडे दिवस." कशाचे थोडे दिवस ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

एक दिवस लाडबाई आल्या, शेठच्या बायको. रिक्षा बागेच्या फाटकाशी सोडून डोक्यावरचा पदर सावरत त्या चालत आल्या, तेव्हा तिसरी चक्कर चालू होती. केसर थांबली तेव्हा तिचे पाय लटलटत होते.

"हे काय करून राह्यले तुम्ही?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मुक्या जनावराला?"

"व्यायाम हाये. डॉक्टरनं सांगितलाय."

"कुठल्या डॉक्टरनं? तिच्या का तुमच्या?" म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. लाडबाई बद्रीनाथकडे वळल्या. "अन् तू? तुला तर लेकरावाणी होती ना ही?"

बद्रीनाथ खाली बघत जीन सोडवत राहिला. "शेठ म्हणतेत तसं करतो, बाईसाहेब."

"शेठ म्हणतेत," लाडबाई म्हणाल्या आणि ज्या वाटेनं आल्या त्या वाटेनं गेल्या.

ते बोलणं बद्रीनाथला लागलं. रात्री झोप लागली, पण दुसऱ्या दिवशी चकरा मारताना ते सलत होतं. शेठला नाही म्हणायचं त्याच्या मनात आलं. पण नाही म्हटलं तर शेठ दुसऱ्या कुणाला वर बसवतील, आणि तो टाचा मारून पळवेल, असं त्यानं स्वतःला पटवलं. मग त्याला दुसरी वाट सुचली. शेठना हवंय काय, तर तिचं काय होतं ते बघायचंय. मग ती बरी झाली असं सांगितलं तर? बघून झालं, काम संपलं.

शेठचे कान तसेही उतारवयाचे. नळीतून ऐकायचे, पण त्यांचा भरवसा बद्रीनाथच्या बोटांवर होता. त्या सकाळी तीन चकरांनंतर बद्रीनाथनं जबड्याखालची शीर धरली, मुद्दाम बराच वेळ धरली आणि म्हणाला, "शेठ, बराबर लागून राह्यलीय."

"काय म्हणतोस?"

"बराबर. एकसारखी. पैल्यावाणी."

शेठनी घाईनं नळी लावली. "मला तर तसंच..."

"ती हलून राह्यली म्हणून. मी शीर धरलीय ना."

पन्नालाल शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी केसरच्या कपाळाला कपाळ टेकवलं. बद्रीनाथला वाटलं, सुटलो. तीही सुटली.

"पळून पळून बरी झाली," शेठ म्हणाले. "गोळी न्हाई, करंट न्हाई. नुसतं पळून!" त्यांनी मागं-पुढं दोन येरझाऱ्या घातल्या. "म्हंजे अंग राखलं की बिघडतं, बद्री. आपण तिला उगंच जपून राह्यलो. उद्या पाच मार. भरधाव. पाचातही बराबर राहिली, तर परवापासून मी पळतो."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. शेठ, मी खोटं बोललो, एवढे चार शब्द. पण शेठनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले होते आणि ते लहान लेकरासारखे हसत होते. त्यांचा मुलगा पारस गाडी घेऊन आला होता, त्यालाही त्यांनी हाक मारून सांगितलं, "बद्रीनं सांगितलं, बराबर झाली!" पारसनं बद्रीनाथकडे पाहून मान डोलावली. मग बोलायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी केसरनं लगाम घेताना दात आवळले. बद्रीनाथनं ओठाच्या कोपऱ्यात अंगठा घालून तोंड उघडलं. पहिली चक्कर त्यानं हळू काढली. "भरधाव!" शेठ खुर्चीवरून ओरडले. दुसऱ्या चकरेला त्यानं लगाम सैल सोडला. जातिवंत होती ती, लगाम सैल झाला की पळायचं एवढं तिच्या रक्तातच होतं. ती पळाली. तिसऱ्या चकरेला मांड्यांखाली त्याला तिची छाती जाणवायला लागली, पिशवीत कोंडलेली कोंबडी फडफडावी तशी. त्यानं लगाम ओढायला हवा होता. शेठ उभे राहून दोन बोटं दाखवत होते, दोन राहिल्या. चौथ्या चकरेत विहिरीच्या वळणावर तिच्या नाकातून आलेलं रक्त वाऱ्यानं मागं उडून त्याच्या तोंडावर आलं. आणि ती पळता पळताच पडली. आधी पुढचे पाय गेले, मग सगळी.

बद्रीनाथ दहा हात पुढं मोसंबीच्या आळ्यात फेकला गेला. त्याचा उजवा खांदा निसटला होता. उठून पाहिलं तर केसर उठायची खटपट करत होती आणि तिचा पुढचा डावा पाय गुडघ्याखाली जिथं वाकू नये तिथं वाकत होता. हाड बाहेर आलं होतं. दर खेपेला ती त्यावरच भार द्यायची आणि पुन्हा पडायची.

पन्नालाल शेठ पळत आले, पाच महिन्यांत पहिल्यांदा पळत. ते तिच्या छातीशी मातीत बसले आणि नळी लावली. पायाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"चालू हाये," ते म्हणाले. "चालू हाये, बद्री. तू धर. तू शीर धर."

"शेठ, पाय मोडलाय तिचा."

"शीर धर म्हणतो ना!"

बद्रीनाथनं डाव्या हातानं शीर धरली. हात रक्तानं निसरडा झाला होता.

"बराबर हाये ना?" शेठ विचारत होते. "पाय अडकून पडली. खड्डा असंल. ताल बराबर होता, पडली ती पायानं. होय ना? सांग ना रे."

हो म्हणणं सोपं होतं. शेठच्या तोंडाकडे पाहून त्याला कळत होतं की हो म्हटलं, तर हा माणूस उद्यापासून पळेल आणि एक दिवस असाच पडेल. ते घडावं असं त्याला वाटलं. क्षणभर अगदी मनापासून वाटलं. मग त्याहून वाईट असं काहीतरी त्याच्या हाताशी आलं: खरं.

"कधीच बराबर नव्हता, शेठ," तो म्हणाला. "काल खोटं सांगितलं मी. एकही दिवस बराबर नव्हता. रोज बिघडत गेल्ता. जसा तुमचा हाये, तसाच."

शेठनी नळी काढली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ते बद्रीनाथला मारतील असं वाटलं, पण त्यांचा हात स्वतःच्या छातीकडे गेला आणि सदरा मुठीत धरून राहिला. "पारस," त्यांनी हाक मारली. पारस फाटकाशी गाडीत होता. "पारस, गाडी आण. जल्दी. संभाजीनगर." पारसनं त्यांना धरून गाडीत बसवलं. गाडी वळताना केसरनं पुन्हा उठायचा प्रयत्न केला. गाडी थांबली नाही.

तृप्ती मॅडम यायला तास लागला. तोवर बद्रीनाथ केसरची मान मांडीवर घेऊन बसला होता, म्हणजे ती उठू नये म्हणून मानेवर भार देऊन बसला होता. मॅडमनी एकदा पाहिलं आणि बॅग उघडली. "हिला यातून सोडवायला पाहिजे. मालकाला विचारा."

बद्रीनाथनं शेठना फोन लावला, उचलला नाही. पारसला लावला. "पप्पांना ॲडमिट करून राह्यलो," पारस म्हणाला. "आत्ता घोडीचं काय घेऊन बसलास? नंतर बघू." फोन बंद झाला.

"मालकाच्या परवानगीबिगर मी कसं देऊ?" मॅडम म्हणाल्या. त्यांनी दुखण्यावरचं एक इंजेक्शन दिलं. त्यानं फारसं काही झालं नाही. मग त्या बद्रीनाथवर उसळल्या. "तुम्हाला सांगितलं होतं ना मी? तुमच्याकडं बघून सांगितलं होतं."

"बिघडलं म्हणलो तर किती बिघडतं ते बघायला पळवायचे, मॅडम. बरी झाली म्हणलो तर बरी झाली म्हणून पळवली."

"पळवलं तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "वर तुम्ही होता."

बारा वाजता लाडबाई आल्या. नवरा दवाखान्यात असताना त्या इथं आल्या, हे पुढं गावात बरेच दिवस बोललं गेलं. त्या केसरजवळ उभ्या राहिल्या, मोडलेला पाय बघितला, नाकाभोवती जमलेल्या माशा पदरानं हाकलल्या.

"द्या सुई," त्या म्हणाल्या.

"मालकांची..."

"मी हाये ना मालकीण. हत्येचं पाप हाये ते मला ठाऊक हाये. माझ्या माथी राहू द्या. द्या."

मॅडमनी मानेच्या शिरेत सुई दिली. बद्रीनाथच्या बोटांखाली चार ठोके पडले, मग दोन, मग नाही. तो बोटं तशीच धरून बसला. लाडबाईच म्हणाल्या, "सोड आता," आणि त्याच्याकडे न बघता निघून गेल्या.

पन्नालाल शेठनी त्याच संध्याकाळी कागदावर सही केली. तपासण्या झाल्या, दोन दिवसांनी बेशुद्ध करून करंट दिला. पहिल्याच झटक्यात ताल जागेवर आला. पंधराव्या दिवशी ते घरचा जिना न थांबता चढले आणि महिन्याभरात मिरचीच्या लिलावात पहिल्यासारखे ओरडायला लागले. भेटेल त्याला ते सांगत, केसरनं माझ्यासाठी जीव दिला. ती पडली नसती तर मी दवाखान्यात गेलोच नसतो. सांगताना ते बागेच्या दिशेनं हात जोडत, आणि ते काही ढोंग नव्हतं.

जिथं ती पडली तिथं त्यांनी फरशीचा चौथरा बांधला. उद्घाटनाला पन्नासेक माणसं होती, बुंदीचं जेवण होतं. शेठ बोलायला उभे राहिले. जनावराची निष्ठा, माणसाची निष्ठा, असं बरंच बोलले. मग त्यांनी बद्रीनाथला पुढं बोलावलं. बद्रीनाथचा खांदा अजून पट्ट्यात होता.

"यानं अकरा वर्षं तिची सेवा केली," शेठ म्हणाले. "अन् ऐन वेळेला यानंच मला खरं सांगितलं. दुसरा असता तर माझं मन राखायला खोटं बोलला असता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठनी त्याच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि तो नारळ त्यानं डाव्या हातानं घेतला. नाही म्हणावं, शाल काढून चौथऱ्यावर टाकावी, असं बरंच काही त्यानं आदल्या दिवशी मनात योजलं होतं. प्रत्यक्षात तो वाकून शेठच्या पाया पडला. बायकांच्या रांगेत लाडबाई नव्हत्या.

संध्याकाळी तो धावड्याला गेला. साळूबाईनं शाल उलगडून दिव्याखाली धरली. "चांगली हाये. कशाबद्दल दिली?"

"घोडी चांगली पळवली म्हणून," बद्रीनाथ म्हणाला.

साळूबाईला वाटलं तो थकलाय. तिनं शालीची घडी घालून ट्रंकेत ठेवली आणि भाकरी वाढली. तो जेवला.

त्यानंतर तो धावड्यालाच राहिला. दिवाळीनंतर शेठचा फोन आला. सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतोय, अबलख शिंगी बघायचीय, तुझ्याबिगर कोण पारखील? बद्रीनाथनं दोन दिवस विचार केला. साळूबाई म्हणाली, घरी बसून काय करणार. तिसऱ्या दिवशी सकाळी तो जीपनं पिंपळगावला उतरला, तेव्हा शेठ फाटकाशी उभेच होते.